चोविसाव्या दिवशीचा खोकला: मेडिकलच्या काउंटरवरून क्षयरोग केंद्रापर्यंत

परिस्थिती

इचलकरंजीसारखे यंत्रमागाचे गाव. मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत एक मेडिकल. मालक स्वतः फार्मासिस्ट नाहीत. परवान्यावर नाव आहे ते डी.फार्म. झालेल्या एका तरुणीचे, आणि संध्याकाळच्या गर्दीत काउंटरला दोन पोरे असतात. गिऱ्हाईक अडतीस वर्षांचा मागावरचा कामगार, बारा तासांची पाळी, घरी बायको आणि दोन मुले. माणसे आणि दुकान प्रातिनिधिक आहेत. अनेक दुकानांत जे घडते ते इथे एका माणसाभोवती मांडले आहे. औषधे, मात्रा आणि नियम मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

दुकानातली बिले अशी बोलतात. पहिल्या दिवशी कोरड्या खोकल्याचे सिरप, १०० मिली, आणि पॅरासिटामॉलचा पत्ता. नवव्या दिवशी ॲझिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ, तीन गोळ्या. चिठ्ठी नव्हती, "मागं पोराला दिल्ती तीच द्या" एवढ्यावर पोराने काढून दिली. सोळाव्या दिवशी लिव्होफ्लॉक्सासिन ५०० मिग्रॅ, पाच गोळ्या, भावाच्या जुन्या चिठ्ठीवर, आणि सिरपची दुसरी बाटली. मधल्या काळात त्याने गल्लीतल्या डॉक्टरकडून पुड्या घेतल्या होत्या, त्यांची नोंद अर्थातच कुठे नाही. चोविसाव्या दिवशी तो पुन्हा आला तेव्हा योगायोगाने काउंटरला फार्मासिस्ट स्वतः होती.

"ताई, त्या दिवशीचंच खोकल्याचं औषध द्या. आन् जरा अंगात ताकद यील असं टॉनिक द्या कायतरी."

तिघा वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या दिवशी विक्री केली, आणि तिन्ही वेळा प्रत्येकाला समोर दिसला तो फक्त एक साधा खोकला. तिन्ही बिले एकाखाली एक ठेवली की जे दिसते ते त्यातल्या एकालाही दिसण्याची सोय नव्हती. दोष एका पोराचा नाही. दुकानाला आठवण नव्हती, आणि हे प्रकरण मुख्यतः त्या आठवणीचे आहे.

दिलेल्या औषधांनी काय केले

सिरपने खोकला दबला, बाकी काही नाही. ॲझिथ्रोमायसिनचा क्षयाच्या जंतूवर उपयोग नाही; त्यात एक आठवडा गेला. खरे नुकसान लिव्होफ्लॉक्सासिनने केले. फ्लुओरोक्विनोलोन गटातले हे औषध क्षयाच्या जंतूंना खरोखरच मारते, पण एकट्याने सगळे मारू शकत नाही. तीन-चार दिवसांत ताप उतरतो, खोकला हलका होतो, माणूस म्हणतो "गोळी लागू पडली", आणि निदान आणखी लांबते. या काळात बेडका तपासला तर जंतू कमी असल्याने तो निगेटिव्ह यायचीही शक्यता असते. जे जंतू उरतात त्यांत या औषधाला दाद न देणारे जास्त असतात. या गटातल्या एकाला दाद न देणारा जंतू बहुधा त्याच गटातल्या मॉक्सिफ्लॉक्सासिनलाही दाद देत नाही, आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरच्या आजच्या सहा महिन्यांच्या उपचारात बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिडच्या जोडीला चौथे औषध मॉक्सिफ्लॉक्सासिनच आहे. काउंटरवर सुट्या विकलेल्या पाच गोळ्या अशा थेट राखीव फौजेलाच भिडतात.

पुड्यांचा प्रश्न वेगळा. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या तीन-चार गोळ्यांत एखादी छोटी पांढरी गोळी पुष्कळदा स्टेरॉइडची असते. तिने भूक लागते, अंग हलके वाटते, दोन दिवस बरे जातात. आत जंतूंना मात्र मोकळे रान मिळते. गिऱ्हाईक "पुड्या खाल्ल्या" म्हणाला तर उरलेली पुडी आणून दाखवायला सांगावे. गोळीवरचा ठसा, रंग, आकार यांवरून फार्मासिस्टला जेवढे कळते तेवढे घरात दुसऱ्या कुणाला कळत नाही.

कायद्याचेही इथे स्पष्ट आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-वनमध्ये ४६ औषधे आली. लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, सेफिक्झाइम, कोडीन, ट्रामाडॉल आणि रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल ही क्षयाची औषधे त्यात आहेत. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, आणि वेगळ्या रजिस्टरात चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या लिहून ते तीन वर्षे ठेवावे लागते. ॲझिथ्रोमायसिन या यादीत नाही, पण शेड्यूल एचमध्ये आहे, म्हणजे चिठ्ठी त्यालाही लागतेच. या दुकानात रजिस्टर होते आणि नीटनेटके होते. फक्त ते महिन्याच्या शेवटी बिलांवरून एका बैठकीत भरले जायचे. तपासणीसाला दाखवायला एवढे पुरते. रोग शोधायला नाही. सोळाव्या दिवशी नोंद विक्रीच्या क्षणी झाली असती, तर चिठ्ठीवरचे नाव भावाचे आहे हे लिहितानाच कळले असते.

काउंटरवरचे चार प्रश्न

फार्मासिस्टने बाटली काढून काउंटरवर ठेवली, पण बिल केले नाही. हा तपशील क्षुल्लक वाटतो. बाटली समोर दिसली की गिऱ्हाइकाला "आपल्याला नाकारलं" असे वाटत नाही आणि तो दोन मिनिटे थांबतो. औषध द्यायला नकार देऊन प्रश्न विचारले तर तो समोरच्या मेडिकलमध्ये जातो.

"दादा, हा खोकला किती दिवसांचा म्हणायचा?"

"हाय की पंधरा-वीस दिवस. मागावरचा धुरळा, दुसरं काय."

"ताप?"

"तसा न्हाई. सांजच्याला कणकण वाटतीया."

"कपडे ढिले झालेत का?"

तो हसला आणि पट्ट्याचे भोक दाखवले. नवीन पाडलेले होते.

राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात संशयित रुग्ण ठरवण्याच्या खुणा अशा: दोन आठवडे किंवा जास्त खोकला, दोन आठवडे किंवा जास्त ताप, लक्षात येण्याजोगी वजनातली घट, बेडक्यातून रक्त, किंवा छातीच्या एक्स-रेत काहीही वेगळे दिसणे. यांपैकी एक असली तरी तपासणी हवी. काउंटरवर त्याचे चार प्रश्न होतात: किती दिवस, संध्याकाळी ताप किंवा रात्री घाम, वजन, रक्त. वजन विचारले की लोक "माहीत नाही" म्हणतात, म्हणून पट्टा, ब्लाउज, अंगठी, घड्याळाचा पट्टा असे विचारावे. तापाचेही तसेच. "ताप आहे का" म्हटले की थर्मामीटरचा ताप डोळ्यांसमोर येतो आणि उत्तर नाही मिळते, कणकण विचारावी. त्यापुढे दोन पूरक प्रश्न: घरात किंवा कामाच्या जागी कुणाला टीबी झाला होता का, आणि साखर आहे का.

यंत्रमागाच्या गावात एक अडचण खास आहे. सुताच्या धुरळ्याने खोकला येतो हे खरेच आहे, आणि त्यामुळे प्रत्येक खोकल्याला तेच कारण आयते मिळते. गिऱ्हाईक ते सांगतो, दुकानदार मान डोलावतो. धुरळ्याच्या खोकल्यात सहसा कामावर त्रास वाढतो आणि सुट्टीला उतरतो; संध्याकाळची कणकण आणि पट्ट्याचे नवे भोक त्यात बसत नाही. खाणीच्या भागात, दगडफोडीच्या वस्तीत, बिडी वळणाऱ्या गल्लीत याच जागी दुसरे कारण ठेवलेले असते.

हे बोलणे कुठे होते त्यालाही महत्त्व आहे. काउंटरला आणखी तीन माणसे उभी असताना "टीबीची तपासणी करून घ्या" म्हटले तर तो माणूस त्या दुकानात पुन्हा येत नाही, आणि बहुधा तपासणीलाही जात नाही. फार्मासिस्टने त्याला फ्रीजच्या बाजूला बोलावले आणि म्हणाली, "एवढ्या दिवसांचा खोकला सिरपानं जात नसतो. छातीचा फोटो आणि बेडक्याची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते. काय निघतंय ते बघून मग औषध." टीबी हा शब्द तिने काढला नाही. त्याने थेट विचारले असते तर "तेही बघतात" असे उत्तर तयार असावे. खोटे बोलायचे नाही आणि निदानही करायचे नाही. निदान करणे हे फार्मासिस्टचे काम नाही, आणि ही मर्यादा सोयीचीच आहे. शंका घेणे आणि योग्य दारापर्यंत पोचवणे, दोन्ही तिच्या हातात पुरेपूर आहे.

माहिती होती, मग विचारले का गेले नाही

२०१४-१५ मध्ये दिल्ली, मुंबई आणि पाटण्यातल्या ६२२ औषध दुकानांचा एक अभ्यास झाला. शिकवून तयार केलेली माणसे गिऱ्हाईक बनून गेली. १२०० भेटी झाल्या. काहींनी नुसता दोन-तीन आठवड्यांचा खोकला-ताप सांगितला. काहींनी त्याबरोबर क्षयाचा पॉझिटिव्ह रिपोर्ट दाखवला. अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड न देता डॉक्टरकडे पाठवणे ही योग्य वागणूक धरली होती. रिपोर्ट नसताना ती १३ टक्के भेटींत दिसली, रिपोर्ट असताना ६२ टक्के. अँटिबायोटिक देण्याचे प्रमाण ३७ टक्क्यांवरून १६ वर आले. आणि क्षयाची मुख्य औषधे एकाही दुकानाने परस्पर दिली नाहीत.

केमिस्ट म्हणजे पैशासाठी काहीही विकणारा, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. रिपोर्ट दिसला की बहुतेक दुकाने बरोबर वागतात, म्हणजे क्षयाचे काय करायचे हे त्यांना माहीत आहे. अडते ते त्याआधी, रिपोर्ट नसताना शंका घेण्यात. म्हणूनच क्षयाविषयी आणखी एक दिवसभराचे व्याख्यान ठेवण्यापेक्षा "किती दिवस?" हा प्रश्न प्रत्येक सिरपच्या विक्रीला, प्रत्येक पोराच्या तोंडी बसवणे जास्त कामाचे ठरते. कार्यशाळांत प्रमाणपत्रे भरपूर वाटली जातात. संध्याकाळी साडेसातला काउंटरला उभे राहणारे पोर त्या कार्यशाळेला कधीच गेलेले नसते.

चिठ्ठी, डबी आणि सकाळची अडचण

"सरकारी दवाखान्यात जा" असे तोंडी सांगितलेले गिऱ्हाईक क्वचितच पोचते. मोठ्या रुग्णालयाच्या आवारात कुठल्या खोलीत जायचे, केसपेपर कुठे काढायचा, एक्स-रे आधी की बेडका आधी, हे माहीत नसले की तो पहिल्याच रांगेतून परत फिरतो. फार्मासिस्टने दुकानाच्या पॅडवर लिहून दिले ते असे:

"खोकला २४ दिवस. संध्याकाळी कणकण. वजन घटल्याचे सांगतात. बेडक्यात रक्त नाही. घेतलेली औषधे: ॲझिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ ३ गोळ्या, लिव्होफ्लॉक्सासिन ५०० मिग्रॅ ५ गोळ्या, शेवटची चार दिवसांपूर्वी, खासगी पुड्या, स्टेरॉइडची शक्यता. मधुमेहाची तपासणी झालेली नाही. क्षयरोगासाठी बेडका व छातीचा एक्स-रे व्हावा ही विनंती."

मधली ओळ सगळ्यांत मोलाची आहे. लिव्होफ्लॉक्सासिन नुकतेच घेतले आहे हे तपासणाऱ्याला कळले तर बेडका निगेटिव्ह आला तरी तो तिथे थांबत नाही. रुग्ण ही माहिती आपणहून देत नाही, कारण त्याच्या लेखी ती "तापाची गोळी" असते. दुकानाने आपलीच चिठ्ठीविना झालेली विक्री कागदावर लिहून द्यायची, यात संकोच होतो. या दुकानातही मालकांना ते रुचले नाही. पण ती ओळ गाळलेली चिठ्ठी निम्मी निरुपयोगी आहे.

चिठ्ठीच्या मागे खोली, वेळ आणि तिथल्या क्षयरोग पर्यवेक्षकाचा फोन लिहिला. हा नंबर प्रत्येक मेडिकलकडे असला पाहिजे. नसला तर १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर जवळचे केंद्र कळते. एक मास्क फुकट दिला आणि परवानगी विचारून मोबाइल नंबर घेतला.

तो दुसऱ्या दिवशी गेला नाही. सकाळची ओपीडी म्हणजे दिवसपाळी बुडाली, म्हणजे रोज बुडाला. फार्मासिस्टने तिसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा हे कळले. तोडगा साधा निघाला: त्याची रात्रपाळी सुरू झाल्यावर पाळी सुटताच तो परस्पर दवाखान्यात गेला. रुग्णाला पुढे पाठवणे, म्हणजे संदर्भसेवा, फसते ती बहुतेक अशाच ठिकाणी, आणि एका फोनने निम्म्या अडचणी सुटतात. फोन केला नसता तर दुकानाच्या लेखी "आम्ही पाठवला होता" एवढीच नोंद राहिली असती.

पहिला नमुना बाद झाला. डबीत लाळ होती. बेडका कसा द्यायचा हे दवाखान्यात गर्दीत घाईने सांगतात, म्हणून काउंटरवरच सांगून ठेवलेले बरे. सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्याआधी, साध्या पाण्याने चूळ भरायची. मोकळ्या हवेत, घरातल्यांपासून दूर उभे राहायचे. दोन-तीनदा खोल श्वास घेऊन रोखायचा आणि छातीतून खोकून बेडका काढायचा. २ ते ५ मिली लागतो, म्हणजे फार तर एक चमचा. घट्ट आणि पिवळसर असला तर चांगला. पातळ, फेसाळ असली तर ती लाळ. झाकण घट्ट लावून त्याच दिवशी पोचवायचा. नमुने दोन असतात, एक तिथेच दिलेला आणि एक पहाटेचा.

दुसऱ्या खेपेचा बेडका ट्रूनॅटवर तपासला गेला. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे हे यंत्र बॅटरीवरही चालते, त्यामुळे तालुक्याच्या प्रयोगशाळेत बसते. क्षयाचे जंतू आहेत की नाहीत हे साधारण तासाभरात कळते आणि असले तर रिफॅम्पिसिनला दाद देतात का हे पुढच्या तासाभरात. निकाल: जंतू आहेत, रिफॅम्पिसिनला विरोध नाही. आयसोनियाझिडच्या विरोधासाठी नमुना पुढे पाठवला गेला. एचआयव्ही आणि साखरेची तपासणी क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची होतेच. याची साखर वाढलेली निघाली, आणि ती आहे हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

उपचाराचे सहा महिने

वजन ४७ किलो. मोठ्या माणसाला रोजच्या गोळ्या वजनाच्या पट्ट्याप्रमाणे असतात: २५ ते ३४ किलोला २, ३५ ते ४९ ला ३, ५० ते ६४ ला ४, ६५ ते ७५ ला ५, त्यापुढे ६. पहिले दोन महिने प्रत्येक गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिग्रॅ. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. म्हणजे याला रोज ३ गोळ्या, सगळ्या एकाच वेळी, उपाशीपोटी. औषध सरकारी केंद्रातून फुकट, शिवाय पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये खात्यात. नोव्हेंबर २०२४ आधी ही रक्कम ५०० होती. खाते आधारशी जोडलेले नसले की पैसे अडकतात, आणि रुग्ण विचारायला येतो तो मेडिकलमध्येच.

औषध सरकारी असले तरी दुकानाचे काम संपत नाही, उलट रुग्ण आता जास्त वेळा येऊ लागतो. चौथ्या दिवशी तो घाबरून आला: लघवी लालसर-नारिंगी. रिफॅम्पिसिनचा रंग, घाम आणि अश्रूंनाही येतो, धोका नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितले नाही तर पुष्कळ जण तिथेच गोळ्या थांबवतात. दुसऱ्या आठवड्यात मळमळ सुरू झाली आणि त्याने ॲसिडिटीचे पातळ औषध मागितले. ॲल्युमिनियम असलेल्या अँटासिडने आयसोनियाझिडचे शोषण कमी होते, त्यामुळे ते गोळ्यांबरोबर नको. द्यायचेच तर दोन तासांचे अंतर ठेवून. त्याआधी मळमळ कशाने आहे ते बघावे. नुसती मळमळ असेल तर केंद्राला विचारून गोळ्यांची वेळ बदलून पाहता येते. डोळे पिवळे, लघवी चहासारखी गडद, जेवण अजिबात नको, उजव्या बरगडीखाली दुखणे यांतले काही असेल तर ते यकृत आहे: गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टर. नजर अंधुक होणे किंवा लाल-हिरवा रंग ओळखायला अडचण ही इथॅम्ब्युटॉलची खूण, तीही त्याच दिवशी कळवायची. हातापायांना मुंग्या आयसोनियाझिडने येतात आणि पायरिडॉक्सिनने (जीवनसत्त्व बी-६) थांबतात. साखर आणि दारू असलेल्यांत मुंग्या जास्त. सांधेदुखी बहुधा पायराझिनामाइडची. इथे दुकानदाराचा हात सवयीने वेदनाशामकाकडे जातो, पण केंद्राला कळवल्याशिवाय रोजचे वेदनाशामक चालू करू नये.

रिफॅम्पिसिन यकृतातली औषधे जिरवण्याची यंत्रणा वेगवान करते आणि दुसऱ्या औषधांचा असर उतरवते. ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची साखर वाढते, वॉर्फरिन घेणाऱ्याचे रक्त लवकर गोठू लागते, संततिनियमनाच्या गोळ्या बेभरवशाच्या होतात. हे सगळे एकत्र दिसते ते फक्त औषध दुकानाला, कारण क्षयाचे औषध एका केंद्रातून, साखरेचे दुसऱ्या डॉक्टरकडून आणि बायकोच्या गोळ्या तिसरीकडून येतात. या घरात नेमके तेच झाले. बायकोला क्षय नाही हे तपासून प्रतिबंधक उपचार सुरू झाला: आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, आठवड्यातून एकदा, असे १२ डोस. रिफापेंटिनही गर्भनिरोधक गोळ्यांचा असर उतरवते. ती त्याच दुकानातून दर महिन्याला गोळ्यांचे पाकीट न्यायची. फार्मासिस्टने दोन्ही जोडून पाहिले आणि तिला आरोग्य केंद्रातून दुसरा उपाय ठरवून घ्यायला पाठवले. धाकट्या मुलाचे वय चार. पाच वर्षांखालचे मूल आणि घरातली इतर माणसे यांना क्षय नाही हे बघून प्रतिबंधक औषध देणे हा कार्यक्रमाचाच भाग आहे, पण मुलांना तपासायला आणायचे राहून गेले होते. ते विचारले गेले काउंटरवर, मुलासाठी तापाचे औषध घ्यायला बाप आला तेव्हा.

सहाव्या आठवड्यात त्याला बरे वाटू लागले, खोकला गेला, आणि गावाकडच्या जत्रेसाठी तो निघाला तो गोळ्या न घेताच. उपचार तुटतात ते बहुतेक याच टप्प्यावर. प्रवासापुरत्या गोळ्या आगाऊ मिळतात, आणि मुक्काम लांबणार असेल तर निक्षय या क्षयरुग्णांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवरून रुग्ण दुसऱ्या केंद्राला जोडता येतो, हे त्याला माहीत नव्हते. या वेळी चार दिवसांवर निभावले.

खासगी डॉक्टरची चिठ्ठी आली असती तर

मग दुकानाची जबाबदारी वेगळी आणि जड असती. क्षयाचा रुग्ण कळवणे ७ मे २०१२ पासून बंधनकारक आहे. १६ मार्च २०१८ च्या राजपत्रातील अधिसूचनेने क्षयाची औषधे देणाऱ्या औषध दुकानांनाही त्यात स्पष्टपणे धरले, आणि जाणूनबुजून न कळवल्यास फौजदारी कारवाईची तरतूद सांगितली. निक्षयवर किंवा जिल्हा क्षयरोग कार्यालयाच्या नमुन्यात रुग्णाचे नाव-पत्ता-मोबाइल, डॉक्टर आणि औषधे एवढेच द्यायचे असते. "डॉक्टर कळवतील" म्हणून सोडू नये. दोनदा कळवलेला रुग्ण यंत्रणेला चालतो, एकदाही न कळवलेला चालत नाही.

चिठ्ठी वाचताना वजन विचारावे. धारावीतल्या खासगी डॉक्टरांची १९९१ मध्ये पाहणी झाली तेव्हा १०० डॉक्टरांनी क्षयावर ८० वेगवेगळ्या उपचारपद्धती लिहिल्या होत्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १०६ जणांनी ६३. मधल्या वर्षांत ज्या चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या त्या सगळ्या कुठल्या ना कुठल्या काउंटरवरून गेल्या. चार औषधांच्या गोळीऐवजी तीन औषधांची दिली जाणे, वजन ५५ आणि गोळ्या दोन, महिन्याची चिठ्ठी आणि "सध्या दहाच दिवसांच्या द्या" हे नेहमीचे घोळ. शेवटचा पैशांचा असतो. तेव्हा खासगी डॉक्टरचा रुग्ण राहूनही औषध सरकारी केंद्रातून फुकट मिळू शकते, हे त्याला सांगणे हा खरा सल्ला.

दुकानात काय बदलले

हिशेब आधी सांगितलेला बरा. किंमत नियंत्रणातल्या औषधांत किरकोळ विक्रेत्याचा वाटा १६ टक्के धरलेला असतो. चिठ्ठी लिहून, फोन करून काहीच सुटत नाही. पाठवलेल्या रुग्णाला क्षय निघाला तर माहिती देणाऱ्याला ५०० रुपये मिळण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी दुकानाचे नाव निक्षयवरच्या नोंदीत असावे लागते आणि रक्कम यायला वेळ लागतो. तिच्यावर धंदा बेतू नये. समोरचे मेडिकल तीच गोळी चिठ्ठीविना देत राहिले तर गिऱ्हाईक तिकडे जाते, हेही खरे. एका दुकानाने एकट्याने नियम पाळणे अवघड. गल्लीतली चार दुकाने तालुका संघटनेत बसून "खोकल्याला चिठ्ठीविना अँटिबायोटिक नाही" एवढे एकच ठरवतात तेव्हा ते टिकते.

या दुकानाने तीन गोष्टी केल्या. बिलिंगमध्ये खोकल्याच्या सिरपला मोबाइल नंबर टाकणे सुरू केले; एकाच नंबरावर पंधरा दिवसांत दुसरी बाटली निघाली की पडद्यावर खूण येते आणि पोराने फार्मासिस्टला हाक मारायची. खुणेत रोगाचे नाव नाही, बिलावर तर नाहीच. एच-वन रजिस्टर विक्रीच्या वेळीच भरायचे ठरले. पहिला महिनाभर गर्दीत ते पाळले गेले नाही, मग रजिस्टर आतल्या टेबलावरून गल्ल्याशेजारी आणल्यावर जमू लागले. तिसरी गोष्ट मालकांच्या मनाविरुद्ध झाली: फार्मासिस्टची वेळ दुपारवरून संध्याकाळवर नेली. कामगार पाळी सुटल्यावर येतात, आणि तिन्ही बिले सात ते नऊच्या दरम्यानची होती.

दोन महिन्यांनी बेडका निगेटिव्ह आला आणि वजन ५१ किलो झाले. वजनाचा पट्टा बदलला की गोळ्यांच्या संख्येचा फेरविचार करायचा असतो. केंद्रात त्या दिवशी वजन घेतले गेले नव्हते; दुकानाच्या काट्यावरचे ५१ लिहून त्याला पर्यवेक्षकाकडे पाठवले. सहा महिने पुरे झाल्यावरही ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी तपासणी ठेवलेली असते, कारण रोग उलटण्याचा धोका या काळात असतो आणि साखर असलेल्यांत तो जास्त. त्या चार तारखा त्याच्या साखरेच्या औषधांच्या बिलाला जोडून ठेवल्या आहेत. ती औषधे न्यायला तो दर महिन्याला येतोच.